बारवेतली म्हातारी वगळायची का?

ताई, आपलं भांडण अर्धवटच राहिलं. तुझं दूध उतू चाललं होतं. "ठेव आता, मग बोलू," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतरही आपण रोज बोललो. आईच्या गुडघ्यांबद्दल, तुझ्या शाळेच्या गॅदरिंगबद्दल, तू माझ्यासाठी कुटून ठेवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल. बारवेतल्या म्हातारीचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. मला वाटलं, राग निवला की तूच काढशील. तुलाही माझ्याबद्दल तेच वाटलं असेल. मग एका सकाळी फळ्यावर गणित लिहिताना तुझं डोकं दुखायला लागलं, आणि वडवणीहून अंबाजोगाईला आणेपर्यंत तू कुणाच्याच हाकेला ओ देईनाशी झालीस.

तुला माती देऊन आल्यापासून लोक भेटायला येतात आणि तू किती शांत होतीस ते मला सांगतात. मी मान हलवते. तू शांत कुठं होतीस? तू थांबलेली असायचीस. शब्द घशात अडकला की तुझी हनुवटी जराशी वर जायची, अंगठा बोटांवर फिरत राहायचा, आणि समोरच्याला तेवढाही धीर निघायचा नाही. लहानपणी आईनं दुकानात पाठवलं की तू "सा... सा..." करत उभी राहायचीस. दुकानदार म्हणायचा, "साखर ना?" आणि पुडी बांधून मोकळा व्हायचा. तुला साबण हवा असायचा. तू साखर घेऊन घरी यायचीस, कारण परत सांगायला गेलं तर पुन्हा तेच. आपल्या घरात साखर कधी संपली नाही, यावर आई आजही हसते. परवा हसता हसता पदर तोंडाला लावून बसली.

दाजी तुला बघायला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. त्यांनी विचारलं, "तुमाला काय आवडतं?" तू सुरुवात केलीस आणि अडकलीस. मामांनी लगेच सावरून घेतलं. "स्वैपाक, शिवणकाम, सगळं येतं तिला." दाजी मामांकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी त्यांना इचारलंय." कपातला चहा निवत चाललेला. शेवटी तू म्हणालीस, "ग... गणित." मी दाराआड ठरवून टाकलं होतं की मला हेच दाजी पाहिजेत. तू तर मला नंतर सांगितलंस की तू ते "मी त्यांना"पाशीच ठरवलं होतंस.

गेमचं वेड तुला माझ्यामुळं लागलं. ऑफिसचं काम संपलं की मी त्याच लॅपटॉपवर गेम खेळत बसते, हे तुला आधी मुळीच पटायचं नाही. "कावून एवढा वेळ घालवतीस गं त्यात?" असं तू दर सुट्टीत विचारायचीस. त्या दिवाळीत माहेरी आलीस आणि माझ्या शेजारी बसून बघायला लागलीस. रोल-प्लेइंग गेम होता. त्यात आपण एक माणूस होऊन गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, लढतो, कोडी सोडवतो. एका सरायवाल्याशी बोलताना पडद्यावर चार वाक्यं आली, त्यातलं एक मी निवडलं आणि माझं पात्र ते घडाघडा बोललं. तू विचारलंस, "वाक्य निवडायला उशीर केला तर?"

"तर काही नाही. तो थांबतो."

"किती येळ?"

"तू निवडेपर्यंत."

तू माझ्या हातातून माऊस काढून घेतलास. त्या सबंध सुट्टीत तू त्या गेममधल्या प्रत्येक माणसाशी बोललीस. लोहाराशी, पहारेकऱ्याशी, रस्त्यावर बसलेल्या भिकाऱ्याशीसुद्धा. ज्यांच्याशी बोलून काहीही मिळत नाही अशांशी तू दोनदोनदा बोललीस. आणि मारामारी आली की माऊस माझ्याकडे सरकवायचीस. "हे तू कर. मला न्हाई आवडत." तू उठून चहा ठेवायला जायचीस आणि लांडगे मेले की परत यायचीस.

हेच मी नंतर भांडणात काढलं होतं. आठवतं ना? मी म्हटलं, "तू स्वतः लढाया वगळूनच खेळलीस की!" त्यावर तू काय म्हणावंस, "मी सोडलं न्हाई. तुला दिलं." असलं उत्तर फक्त गणिताच्या बाईच देऊ शकतात.

मग आपणच गेम करायला घेतला. तू गोष्ट आणि माणसं लिहायचीस, मी कोड लिहायचे. आपली नायिका डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर निरोप पोचवत जाते. वाटेत लांडगे, पूर आलेली नदी, बाजारातले ठकसेन, देवळातली कोडी. कोडी तू अशी घातलीस की मी, ती घालणारीची धाकटी बहीण, रडकुंडीला आले. मी पहिल्यापासून सांगत होते की प्रत्येक ठिकाणी एक बटण ठेवू, "सोडून पुढे". कुणाला लढाई आवडते, कुणाला कोडी, कुणाला नुसत्या गप्पा. न आवडणाऱ्या एका गोष्टीपायी माणूस सबंध गेमच बंद करतो आणि पुढचं इतकं सगळं त्याच्यासाठी राहूनच जातं. तू सुरुवातीला ऐकायलाच तयार नव्हतीस. वर्गात पोरं अवघड गणित ऑप्शनला टाकतात त्याचा राग तू माझ्यावर काढायचीस. मग हळूहळू नरमलीस. लांडगे सोडू दे म्हणालीस. नदी सोडू दे. शेवटी कोडीसुद्धा, जरा नाराजीनं.

बारवेतली म्हातारी मात्र नाही.

ती तुझी सगळ्यात लाडकी. जुन्या बारवेच्या तळच्या पायरीवर बसलेली. पुढची वाट फक्त तिला ठाऊक. ती सांगायला लागते आणि अडकते. खेळणाऱ्यानं काहीही करायचं नाही, फक्त ऐकायचं. घाईनं कुठलंही बटण दाबलं की ती गप्प होते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. शेवटपर्यंत ऐकलं की कमान उघडते. एवढीच परीक्षा. तिच्यात लढाई नाही, कोडं नाही, आणि तरीही ती आपल्या गेममधली सगळ्यात अवघड जागा झाली.

तिचा आवाज तूच द्यायचा हे ठरलेलंच होतं. माहेरच्या मागच्या खोलीत आपण चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि घामानं निथळत रेकॉर्डिंगला बसलो. आणि तू अडखळेचनास! म्हातारी होऊन बोलायला लागलीस ते थेट शेवटपर्यंत, एका दमात. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तू कपाळावर हात मारून घेतलास. "जन्मभर नको तिथं अडकले, आन् आज पायजे तर अडकंना!" आपण हसून हसून त्या गोधड्यांवर कोसळलो. शेवटी मी म्हटलं, फोनवर बोलतेस असं समज. फोन म्हणजे तुझा जुना वैरी. तू बंद फोन कानाला लावलास, पलीकडे कुणीच नव्हतं, तरी तुझी हनुवटी वर गेली आणि तो आवाज आला. खरा. माझं हसू तिथंच थांबलं. तू डोळे मिटून सबंध निरोप सांगितलास. कुणीही मध्ये बोललं नाही. झाल्यावर तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "लई बरं वाटलं गं."

मला तेव्हा काहीतरी म्हणायचं होतं. माझी मोठी बहीण कशी रोज त्या वर्गात उभी राहत होती ते मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट दिसलं. पण मी फाइलला नाव देत बसले आणि तू गोधड्या काढायला लागलीस. आज म्हणते. मी कंटाळून कोड टाकून दिलं असतं अशा कितीतरी वेळा आल्या, आणि दर वेळी मला तुझा अंगठा बोटांवर फिरताना दिसला. माझ्यात जो काही धीर आहे तो मी तुझ्याकडे बघून शिकले, ताई.

मग अंबाजोगाईतल्या कॉलेजची पाच-सहा मुलं गेम खेळून बघायला आली. तू मुद्दाम वडवणीहून एसटीनं आलीस, डब्यात धपाटे घेऊन. मुलं देवळातल्या कोड्यांपर्यंत खूश होती. बारवेपाशी एकेक जण चुळबुळ करायला लागला. एक चुणचुणीत मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ही आजी लई येळ खाती ओ. हिला स्किप करता येत न्हाई का?" बाकीची हसली. आवाज कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. तूही हसलीस. सगळ्यांना धपाटे वाढलेस, त्या मुलीला जरा जास्तच.

स्टँडवर तुला सोडायला आले तेव्हा तू गाडीकडे बघत म्हणालीस, "उमा, साऱ्या जन्मात लोकांनी मलाच स्किप केलंय. एक जागा तरी ऱ्हाऊ दे, जिथं माझं ऐकल्याबिगर पुढं जाता येत न्हाई."

मी म्हटलं, "ताई, ती पोरगी तुला कंटाळली नाही. तिला ती जागा आवडली नाही, एवढंच."

"तेच ते."

"तेच ते नाही. माणूस का सोडून जातोय ते आपल्याला इथून दिसत नाही. कुणाला ऐकू येत नसेल. कुणाच्या घरी कुणी आजारी असेल, कुणाला तेवढा वेळ बसवत नसेल."

"मग त्यानं खेळू नये."

"असं कसं म्हणतेस तू?"

तुझी गाडी लागली. पुढचं फोनवर चालू राहिलं, आठवडाभर, आणि दुधापाशी थांबलं. तुझं शेवटचं म्हणणं होतं, "बाकी सगळं तुझं ऐकलं. हे एवढं माझं ऐक." माझं उत्तर तयार होतं, पण ते सांगायचं राहिलं. आज ते उत्तर मलाच पुरेसं वाटत नाही. तुझ्यापुढं मी सारखी ऐकणाऱ्याची बाजू मांडत होते आणि तू बोलणाऱ्याची. दोघीही खरं बोलत होतो.

तू गेल्यावर मी कितीतरी दिवस लॅपटॉप उघडला नाही. पुढं त्या मुलांचे निरोप यायला लागले, गेम कधी येणार म्हणून. मी मनाशी पक्कं केलं की तुझं ऐकायचं. म्हातारीला बटण नाही. तुझी एवढी एक इच्छा. मग आईनं मला वडवणीला पाठवलं, दाजी जेवतात की नाही ते बघायला.

बाजाराचा दिवस होता. तुमच्या बी-बियाण्यांच्या दुकानापुढं गर्दी होती आणि गल्ल्यावर तुझा दीर बसला होता. "दादा मागं हायती," म्हणाला. मागं पोत्यांच्या थप्पीला टेकून दाजी बसले होते, तुझा फोन कानाला लावून. मला वाटलं कुणाशी बोलतायत, म्हणून मी दारातच थांबले. मग तुझा आवाज आला.

ताई, मी पोत्यांमधून वाट काढत त्यांच्याजवळ गेले.

दाजींनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही हे तुला माहीत आहे. तू गेल्यावर तुझ्या फोनमध्ये त्यांना तो सापडला. "तिनं काय केलंय ते बघावं म्हणलं," ते मला म्हणाले. लांडग्यांशी स्वतः लढले, कोडी दुकानातल्या पोरांना विचारून सोडवली. आणि येऊन बारवेत बसले. त्यालाही बरेच दिवस झाले होते. त्यांना पुढं कसं जायचं ते समजलं नसेल असं मला वाटलं. मी शेजारी बसून सांगायला लागले, "दाजी, इथं काहीही दाबायचं नाही. नुसतं थांबायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "तिच्यासंगं एवढी वर्सं काढली, आन् तू मला थांबायचं शिकिवतीस व्हय?"

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. तू बोलत होतीस. डोंगराच्या पाठीमागच्या पाऊलवाटेचं, पडक्या कमानीचं सांगत होतीस. अडकलीस, सुटलीस, पुन्हा अडकलीस. दाजी तुझ्याबरोबर श्वास रोखत होते आणि तुझ्याबरोबर सोडत होते. शेवटचं वाक्य आलं. शेवटच्या शब्दाला तू लागलीस आणि त्यांनी अंगठा टेकवला. तू गप्प झालीस. मग पहिल्यापासून बोलायला लागलीस.

"तिचं बोलणं संपलं की ती जाती तिथून," दाजी म्हणाले. "कमान उघडती. पुन्यांदा ती दिसत न्हाई. एकदा बघितलं मी. मग सगळं काढून टाकलं आन् पहिल्यापासनं खेळत इथवर आलो."

बाहेर कुणीतरी सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करत होतं.

"मला पुढचंबी बघायचंय उमा. तिनं येवढं केलंय, ते अर्ध्यात कसं टाकू? पण तिचं बोलणं मला माझ्या हातानं संपवायचं न्हाई. ह्याला काय करता येतंय का?"

मी स्टँडवर तुला सांगत होते ना, माणूस का सोडून जातो ते आपल्याला दिसत नाही. मला तरी कुठं दिसलं होतं? बहिरा माणूस मनात आला, आजारी माणूस आला, घाईतला आला. ज्यानं सगळ्या जगात तुझं सगळ्यात जास्त ऐकलं तोच एक दिवस हे मागेल, असं तुझ्या किंवा माझ्या स्वप्नात तरी आलं असतं का?

घरी आले आणि बटण केलं. तुझी इच्छा मोडली. पण नुसती मोडली नाही, हे तुला समजावं म्हणून सांगते. आधी मी ठरवलं होतं तसं, दाबलं की दृश्य कापलं आणि नायिका पुढच्या गावात, असं इथं केलं नाही. आता ते बटण दाबलं की नायिका म्हातारीला वाकून नमस्कार करते आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या चढायला लागते. त्या वाटेनं जास्त लांबून जावं लागतं. म्हातारी बोलतच राहते. तिला कुणी तोडत नाही, तिचं वाक्य कुणी पुरं करत नाही. पायऱ्या चढता चढता आवाज लांब होत जातो आणि वर उन्हात आल्यावर ऐकू येत नाही. खाली ती बोलतेच आहे. ज्याला शेवटपर्यंत ऐकायचं त्याच्यासाठी कमान आहेच.

तुला हे पटलं असतं का? मला खरंच माहीत नाही. तू म्हणाली असतीस, ऐकणारा निघून गेल्यावर बोलायचं कुणाशी? मी काय म्हणेन आणि तू काय म्हणशील, दोन्ही बाजू मी एकटीच लढवते, आणि त्यात तुझी बाजू नेहमी थोडी कच्ची राहते, कारण तुला जे सुचायचं ते मला सुचत नाही. "तुला दिलं" असलं काहीतरी ऐनवेळी काढायला तूच पाहिजेस.

गेम आता त्या मुलांकडे गेला आहे. खोटं सांगत नाही, पुष्कळ जण म्हातारीला सोडून लांबच्या पायऱ्यांनी जातात. काही जण ऐकतात. ती चुणचुणीत मुलगी, मॅडम म्हणणारी, तिला मी आवाज कुणाचा ते सांगितलं. तिनं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही. तिचं तिला ठरवू दे.

दाजींच्या फोनवर, म्हणजे तुझ्याच फोनवर, बटण घातलेला नवा गेम टाकायला मी परवा पुन्हा वडवणीला गेले. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. ते बराच वेळ नुसतेच तुझं ऐकत बसले. मग त्यांनी ते बटण दाबलं. नायिका वाकली. दाजींची मानही थोडी वाकली, त्यांच्या नकळत. पायऱ्या लांब केल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला, कारण त्यांचा चेहरा मला बघवेना. तुझा आवाज बारीक होत गेला. त्यांनी फोन कानाशी नेला, आणखी जवळ नेला, आणि मग खाली घेतला.

वर उजाड माळ होता आणि त्याच्या पलीकडे नदी. तू लिहिलेली, पुराची. दाजी तिच्यात उतरले आणि वाहून गेले. पुन्हा उतरले, पुन्हा वाहून गेले. गमछ्यानं डोळे पुसून परत उतरले. मी हात पुढं केला. "दाजी, ही सुद्धा सोडून जाता येते. इथं कोपऱ्यात बटण आहे."

त्यांनी फोन माझ्यापासून जरा बाजूला घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ही नदी मीच पार करतो."